एक वीत उंचीवरून

"आणि ही तुझी इस्त्री," नवरा मेजाखालून म्हणाला, "ही आता कपाटावर ठेवायची. एकदा झालंय तेवढं पुरे."

ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. हातात माळ होती, अंगठ्याखाली एक मणी होता आणि तो मणी पुढे सरकेना. तुझी. वाक्य केव्हाच संपलं होतं, मेजाखालून आता टेप फाडल्याचा आवाज येत होता, पण तो एक शब्द घशात माशाचा काटा अडकावा तसा तिच्या आत आडवा बसला होता. तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढेही नवराच दिसत होता: गुडघ्यांना कारखान्यातल्या जाड रबरी पट्ट्या बांधलेला, दातांत छोटी बॅटरी धरलेला, साठी उलटलेला माणूस लहान मुलासारखा रांगत खोलीभर फिरत होता. "एक वीत उंचीवरून बघायचं असतं," तो काल लेकीला फोनवर सांगत होता. "जनावराच्या डोळ्यांनी. उभ्यानं धोका दिसतच नाही माणसाला." ते ऐकून ती स्वयंपाकघरात नुसती हसली होती, म्हणजे ओठ तसे झाले होते. आत्ता तेच वाक्य तिला आठवलं आणि कानशिलं तापली. हा माणूस एक वीत उंचीवरून बघायला शिकला तो आता! कुत्र्यासाठी!

सकाळी उठल्यापासून एक तास ती बोलत नसे. हा नेम लेकीच्या वयाचा होता, सत्तावीस वर्षांचा. लेक दिवस भरायच्या आधी जन्माला आली, मुठीत मावेल एवढी, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तेव्हा बाहेरच्या लांबलचक बाकावर बसून ही देवाला म्हणाली होती, हिला ठेव. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही, रोजचा पहिला तास तुझा, त्या तासात माझा आवाजही तुझा. देवानं पोरगी ठेवली. हिनं तास दिला. ताप असो, पाहुणे असोत, सासूबाई गेल्या तो दिवस असो, तास चुकला नाही. आणि नवऱ्याला या तासाची गोम फार लवकर कळली. जे जे बायकोला पटणार नाही असं त्याला वाटे, ते ते तो याच तासात सांगायला येई. दूरच्या शाखेत बदली मागितली, हे त्यानं याच तासात सांगितलं. मधली खोली त्याच्या भावाला सहा महिने द्यायची ठरवली, तेही याच तासात. खाटेच्या कडेला बसून, पायात मोजे चढवत, तिच्या पाठीला तो सगळं नीट समजावून सांगे. मग दुपारी तिनं काही म्हटलं की हात पसरून विचारी, "अगं, सकाळीच नाही का सांगितलं? तेव्हा तू काहीच बोलली नाहीस!" आधी ती हसली. मग रडली. मग तोंडात मूग धरून बसायची सवय झाली, आणि घरात सगळे म्हणू लागले, किती शांत बाई आहे, आवाज म्हणून चढत नाही कधी. कुत्रंही असंच आलं. तीन आठवड्यांपूर्वी, मोजे चढवताना. लेकीच्या प्रयोगशाळेच्या आवारात एका कुत्रीनं पिल्लं घातलीत, त्यातलं एक आपण आणतोय. मी आता निवृत्त आहे, मी बघेन सगळं. तिचा कुत्र्याला विरोध नव्हता. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"वायरींना नळ्या घातल्या," मेजाखालचा आवाज म्हणाला. "फिनेल वर. पडद्यांच्या दोऱ्या वर बांधल्या. सज्ज्याच्या गजांना जाळी लावली, बघून घे, बोटसुद्धा जाणार नाही." त्यानं जाळीवर बोट मारल्याचा टणक आवाज आला. सज्ज्याचे गज! लेक रांगायला लागली तेव्हा त्या गजांमधून तिचं डोकं जाईल एवढी फट होती. त्या घराचा सज्जा वेगळा, हे घर वेगळं, पण गज तसेच होते. "अहो, जाळी लावा ना," असं ती किती वेळा म्हणाली होती? "मुलं अशीच मोठी होतात," तो म्हणाला होता. "आम्ही काय जाळीत वाढलो?" शेवटी तिनंच जुनी चादर फाडून, पट्ट्या काढून, गजांना आडव्या उभ्या विणून टाकल्या होत्या, आणि त्याच्या मित्रांनी येऊन विचारलं होतं, सज्ज्याला बँडेज का बांधलंय? सगळे हसले होते. तोही हसला होता, सगळ्यांत मोठ्यानं. आणि तो कोण होता तेव्हा? बाटल्यांच्या कारखान्यातला सुरक्षा अधिकारी. भट्टीपुढे कोणी हातमोजे न घालता उभा राहिला तर त्याचा दिवस भरू न देणारा. कारखान्याच्या फाटकावर त्याच्या हातचा फळा होता, अपघाताविना दिवस: अमुक. रोज सकाळी तो आकडा स्वतः पुसून स्वतः लिही. हजार दिवस झाले तेव्हा मालकांनी समारंभ ठेवला होता.

हजार. तिनं मणी सोडला, पुन्हा धरला. नको, इथे जायला नको, या तासात तर नाहीच. पण मन कुठे ऐकतंय. त्या हजाराव्या दिवशीची सकाळ तिच्या आत एखाद्या बंद खोलीसारखी होती, आणि आज त्या खोलीचं दार कोणी टेप लावायच्या निमित्तानं उघडून दिलं होतं. त्याला पांढरा शर्ट हवा होता. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती, मी करून ठेवते, मेजावर, तुम्ही जमिनीवर घोंगडी टाकून करत बसू नका, पोरगी आता सगळीकडे फिरते. त्यावरूनच वाजलं होतं. "सतत काय सूचना गं? सुरक्षा मला शिकवतेस?" असं म्हणून तो पाठ फिरवून झोपला होता. सकाळी ती मौनात बसली आणि त्यानं मुद्दाम बाहेरच्या खोलीत, जमिनीवर, घोंगडी टाकून शर्टाला इस्त्री केली. इस्त्री तशीच उभी ठेवली, वायर लोंबती, आणि खुर्चीत पाठमोरा बसून समारंभात म्हणायचे चार शब्द कागदावरून मोठ्यानं वाचू लागला. ती आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं. दारातून आधी पोरीचे तळवे दिसले, मग कोपरं, मग ते हसरं तोंड. दहा महिन्यांची होती. वायरीकडे निघाली होती. पुढचं जे व्हायचं ते झालं, आणि उजव्या हाताचा तळवा… तिनं डोळे उघडले. समोर भिंत होती, पांढरी, तिच्यावर पापुद्र्याएवढा एक पोपडा. ती त्या पोपड्याकडे बघत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कसं झालं? तिनं तोंड उघडलं होतं, पण नवरा आधी बोलला. "हिचं मौन असतं सकाळी. ही बघत होती, पण बोलली नाही." तो रडत होता, खरंच रडत होता, इस्त्री केलेल्या बाहीनं डोळे पुसत होता. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर पुढे सासूबाईंनी उचलली, नणंदांनी उचलली, शेजारणींनी उचलली. शिवणाची कामं ती घरीच करायची, उसवलेल्या चोळीपासून लांब झालेल्या पँटीपर्यंत सगळं सरळ करून द्यायची, त्यामुळे इस्त्री तिचीच, यात कोणाला शंका नव्हती. पुढे पुढे तर त्या गोष्टीची धार गेली आणि ती घरातली एक गंमत झाली. कोणी दूध उतू जाऊ दिलं की नणंद म्हणे, "वहिनीसारखी मौनात होतीस का गं?" लेकही मोठी होताना हेच ऐकत आली आणि हेच सांगत आली. तिच्या उजव्या तळव्याची कातडी आखडलेली. दोन बोटं पूर्ण सरळ होत नाहीत. रक्त काढायची सुई ती डाव्या हातानं धरते, आणि एखाद्या रोग्यानं विचारलं तर मोकळेपणी सांगते, "लहानपणी इस्त्रीला हात लावला. माझी आई देवाशी बोलत होती."

खरं म्हणजे ती ओरडली होती.

हे वाक्य तिनं सव्वीस वर्षांत मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं. त्याच्या कडेकडेनं जायची, आणि वळायची. पण ती ओरडली होती. "अहो!" एकदा, आणि मग पुन्हा "अहो!", असा आवाज की तिचा तिलाच ओळखू आला नाही. माळ हातातून उडाली. ती उठून धावली, मध्ये खाट, मध्ये शिवणयंत्र, सात-आठ पावलं, आणि तो पोरीपासून दोन हातांवर बसलेला. तो वळला नाही. उलट त्याचा वाचायचा आवाज वाढला. "आपल्या सर्वांच्या सहकार्यानं…" हे शब्द तिला अजून पाठ होते. मग दवाखान्यात ती का बोलली नाही? भित्री होती म्हणून? सगळ्यांना तेच वाटलं असतं. कारण असं होतं की तिनं मौन मोडलं होतं. ज्या तासाच्या मोलावर पोरगी मागून घेतली होती, तो तास तिनं मोडला होता, आणि आत पडद्यापलीकडे ती पोरगी किंचाळत होती. तिला वाटलं, देवानं अजून ऐकलं नसेल. इतके सगळे जण म्हणताहेत, ही बोलली नाही, बोलली नाही. नवरा म्हणतोय, सासूबाई छाती पिटून म्हणताहेत. एवढ्या सगळ्यांची साक्ष असली तर देवही तसंच धरून चालेल. मग तो पोरगी परत मागणार नाही. म्हणून तिनं मान खाली घातली, आणि ती मान तशीच राहिली. एका दिवसाची लबाडी, लेक घरी येईपर्यंतची. मग महिन्याची, मग कातडी भरून येईपर्यंतची. पुढे बोलायला गेलं तर खोटंच वाटलं असतं. आणि नवरा? त्याला काय आठवत होतं? तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला ऐकू आलं होतं की नाही हे कळलं असतं, आणि ते कळून मग त्याच्यासोबत जेवायला बसता आलं नसतं.

तास संपला. ती पाणी प्यायला उठली. फ्रिजच्या दारावर नवऱ्यानं कागद चिकटवला होता, पट्टीनं रेघा मारून, कारखान्यात लावायचा तसा. घरातील धोक्याची ठिकाणे. ठिकाण, धोका, उपाय, आणि शेवटचा रकाना: जबाबदार. तेवीस नोंदी होत्या. पहिली, इस्त्री. धोका, भाजणे. जबाबदार, आई. तिनं पेला अर्धा प्यायला आणि ठेवला.  

"माझे सुया-दोरे कुठे आहेत?" तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखाच खालचा.

"बिस्किटांच्या डब्यात. डबा टेपनं बंद केलाय. सुई गिळली तर पोट फाडावं लागतं, माहितीये?"

"मला दुपारपर्यंत शाळेचे चार झगे आखूड करून द्यायचेत."

"मग अगोदर नाही का सांगायचंस?" तो मेजाखालून डोकं बाहेर काढून म्हणाला. केसांना जळमट लागलं होतं. "मी मघाशी सगळं मोठ्यानं म्हणत होतो. तू काही बोलली नाहीस."

तिनं डबा घेतला, टेपचं टोक सापडेना, नखानं खरवडत राहिली. मेजाच्या चारी कोपऱ्यांना त्यानं कापसाच्या उशा बांधल्या होत्या. लेकीच्या कपाळावरची खूण अशाच एका कोपऱ्याची होती. घरभर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत पिवळ्या-काळ्या पट्ट्या होत्या; खाली सगळं जग सुरक्षित होतं आणि वर, माणसांच्या उंचीवर, जे जसं होतं ते तसंच होतं. कोणा माणसासाठी हा गुडघ्यावर आला नाही. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या तेव्हा, "वय झालं." हिच्या बोटातून यंत्राची सुई आरपार गेली तेव्हा, "लक्ष कुठे असतं?" टेपचं टोक सापडलं आणि तिनं ते असं ओढलं की डबा हातातून निसटून फरशीवर आपटला आणि सुया, बटणं, गुंड्या, खडू, सगळं चहूकडे पसरलं.

त्याच वेळी घंटी वाजली.

"थांब, थांब! आत आणू नकोस!" नवरा रांगतच दाराकडे ओरडला. "अपघात झालाय!"

लेक दारात उभी राहून हसत सुटली. तिच्या ओढणीत एक गाठोडं होतं आणि त्यातून एक काळं ओलं नाक बाहेर आलेलं. "बाबा, हे काय? घर आहे की रस्त्याचं काम चाललंय?" सुया वेचून होईपर्यंत ती तशीच उंबऱ्यात उभी राहिली, पिल्लाच्या कानात काहीबाही बोलत. तिघांनी मिळून सुया मोजल्या, दोनदा. मग पिल्लू खाली ठेवलं. दूध आणि धूळ यांचा मिळून एक वास आला. चार पाय चार दिशांना, पोट जमिनीला टेकलेलं. ते वायरींकडे गेलं नाही, जाळीकडे गेलं नाही, तेविसातल्या एकाही ठिकाणी गेलं नाही. सरळ नवऱ्याच्या गुडघ्याची रबरी पट्टी त्यानं दातांत धरली आणि गुरगुरायला लागलं.

"हे नाही तुमच्या यादीत," लेक म्हणाली. ती फ्रिजपुढे उभी राहून कागद वाचत होती, मोठ्यानं, बातम्या वाचतात तशी. "क्रमांक एक, इस्त्री. जबाबदार, आई!" ती वळली, हसतच होती, मनात काही नव्हतं तिच्या. "बरोबर लिहिलंत बाबा. आई, ह्याच्या वेळी तरी मौन सोड हं. माझ्या वेळी देवाला दिलास तो तास, ह्याचा नंबर आला की निदान शुक् तरी कर."

असं ती शंभरदा म्हणाली असेल. आईनं शंभरदा ओठ तसे केले असतील. पण आज ती लेकीच्या हाताकडे बघत होती, कागदाच्या कडेवर टेकलेल्या, न उघडणाऱ्या त्या दोन बोटांकडे, आणि एक गोष्ट तिला इतकी सरळ दिसली की आजवर कशी दिसली नाही याचाच संताप आला. देवाला सगळं ऐकू येतं, असं ती रोज पहाटे म्हणत होती. मग त्यानं ते "अहो" पहिल्याच क्षणी ऐकलं होतं. ऐकून सवरून पोरगी ठेवली होती. साक्षींची त्याला गरज नव्हती, त्याला कोणी फसवू शकलं नव्हतं. सव्वीस वर्षं फसली होती ती एकच, ही समोरची. हिला वाटत होतं, आपला हात भाजत असताना आपली आई गप्प बसून बघत होती. आणि तरी ही अशी हसत होती, हसून आईला सांभाळून घेत होती!

"मी ओरडले होते," ती म्हणाली.

"काय?"

"तुझा हात भाजला त्या दिवशी. मी मौन मोडलं होतं. दोनदा ओरडले. 'अहो' म्हणून." आवाज खालचाच होता, पण त्यात असं काही होतं की पिल्लानं पट्टी सोडली. "इस्त्री माझी नव्हती त्या दिवशी. आणि मी गप्प नव्हते."

लेक हसायची थांबली, पण हसू पुरतं उतरलं नाही. तोंडावर तसंच अर्धवट राहिलं. ती आईकडे बघत होती आणि मग हळूहळू खाली, बापाकडे. तो अजून गुडघ्यांवर होता, एका हातात टेपची गुंडाळी.

"बाबा? आई ओरडली होती?"

"अगं, किती वर्षं झाली त्याला. आता कोण ते…" त्यानं टेपचं टोक शोधायला सुरुवात केली. "आज काय सुचलं हिला? चांगलं पिल्लू आलंय घरात…"

"ओरडली होती का, एवढंच सांगा."

त्यानं टोक सोडून दिलं. फरशीकडे बघत राहिला. त्याच्या केसांतलं जळमट तिला दिसत होतं, आणि रोजच्यासारखा हात पुढे करून ते काढून टाकावं असं तिला वाटलं नाही.

"ऐकलं होतं मी," तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळी वाजलं होतं आमचं. ही सकाळी कधी बोलत नाही. मला वाटलं, आज रागानं मौनसुद्धा मोडलं हिनं, आता उरलेलं भांडण काढतेय. म्हणून मुद्दाम वळलो नाही." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "मुद्दाम मोठ्यानं वाचलं."

 लेकीनं उजवा हात ओढणीत ओढून घेतला, थंडी वाजल्यासारखा. पिल्लू खोलीच्या मधोमध गेलं, दोनदा गोल फिरलं आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर बसून त्यानं शूचं थारोळं केलं. त्याकडे कोणी बघितलं नाही. आईला वाटलं होतं, हे कधी बाहेर आलं तर आत मोकळं होईल, रडू येईल. तसलं काही झालं नाही. राग होता तेवढाच होता, उलट वाढला होता. फक्त इतकी वर्षं तो तिच्या अंगात घर करून होता आणि आता समोर, खोलीत, तिघांच्या मध्ये उभा होता. त्याला ऐकू आलं होतं. दोन हातांवरून. ऐकू आलं होतं, आणि दवाखान्यात रडत रडत तो म्हणाला होता, बोलली नाही.

नवऱ्यानं एक हात वर केला. खाली बसलं की त्याला आधाराशिवाय उठता येत नसे. हात वर करायचा आणि तिनं तो धरायचा, हे इतकं ठरलेलं होतं की तो हाक मारत नसे. हात हवेत राहिला. लेक पुढे झाली नाही. आईनं त्या हाताकडे पाहिलं, तळव्याच्या सगळ्या रेघा सरळ, बोटं पाचही उघडणारी.

"आधी तिला सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मग उठा."

"आता सांगितलं ना मी…"

"ते मला सांगितलंत. तिला सांगा."

हात खाली आला. त्यानं रबरी पट्टीवरचे पिल्लाच्या दातांचे ओरखडे चाचपले. मग मान वर करून त्यानं लेकीकडे बघितलं. तेवढ्या खालून बघायला त्याला मान बरीच मागे टाकावी लागली.

"शर्ट माझा होता," त्यानं सुरुवात केली.